मधला खांब

९ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितेय. मी घर घेतलं. तुझ्या भाषेत माळा. बटणांच्या एका जुन्या गोदामाची आता राहायची इमारत झालीय, तिच्या तिसऱ्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली, साडेतीनशे चौरस फूट.

आधीचा मालक माणूस होता की प्लायवूडचा एजंट, कळायला मार्ग नाही. एवढ्याशा जागेत त्याने पाच खोल्या पाडल्या होत्या. त्यातल्या एकीत माणूस उभा राहिला की दार उघडत नसे आणि दार उघडलं की माणूस मावत नसे. भिंतींना पिवळ्याच्या सहा छटा, आणि छताला प्लास्टिकच्या चांदण्या. मी पहिल्याच दिवशी चांदण्या खरवडल्या. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

सतरा वर्षं मी लोकांची घरं करतेय. त्यांना स्वयंपाकघर हवं असतं विमानतळासारखं आणि बैठकीची खोली हॉटेलसारखी. आपण नकाशे काढायचे, आणि कचेरीच्या पाटीवर नाव आमच्या थोरल्या भागीदाराचं. हे पहिलं घर माझ्या मनासारखं होणार. एकच मोकळी जागा, पांढऱ्या भिंती, वर झोपायला मचाण, न्हाणीघराला धुरकट काच. दारं नाहीत. नकाशा सोबत जोडलाय. मे महिन्यात एका नावाजलेल्या मासिकाचे संपादक फोटो काढायला येणार आहेत, ते ठरलंयच.

अडचण एकच. बरोबर मधोमध एक लाकडी खांब आहे. दोघं बोलत असताना मधे तोंड घालणाऱ्या पाहुण्यासारखा उभा. तो जाणार.

लोभ आहेच, तो वाढव. टोमणे वाढवले नाहीस तरी चालेल.

तुझी,
खारू

१७ जानेवारी

चि. खारू हिस,
अनेक आशीर्वाद.

नकाशा तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण मला वाटलं काही छापायचं राहूनच गेलंय. केरसुणी कुठे? इस्त्री कुठे? ओली छत्री कुठे ठेवायची? या घरात राहणाऱ्या बाईला ताप येणार नाही, तिला पाहुणा येणार नाही आणि तिचं कुणाशी भांडणही होणार नाही असं दिसतंय, कारण रुसून जाऊन बसायला दुसरी खोलीच नाही. धुरकट काचेचं न्हाणीघर म्हणजे तर कमालच. आत कोण आहे ते कळतं, फक्त ओळख पटत नाही.

बांधकाम खात्यात चौतीस वर्षं मी नकाशे काढले. त्यातला एकही मासिकात छापून आला नाही, हे खरं. पण लोक त्यांत राहिले, शिकले, बाळंत झाले. तुझ्यासारख्या पदवीवाल्यांनी कागदावर रेघोट्या ओढायच्या आणि आम्ही आरेखकांनी त्यांना मापं घालून माणसांत आणायचं, असा तो धंदा होता. तेव्हा पांढऱ्या भिंतींचं कौतुक मला सांगू नकोस.

खांबाचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. कुणी हौस म्हणून मधोमध खांब उभा करत नाही. त्याच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, ते कुणा जाणत्याकडून आधी बघून घे. मचाणाच्या शिडीला कठडा लाव, तू लहानपणी झाडावरून दोनदा पडलीस म्हणूनच तुझं नाव खारू पडलं, चढता येत होतं म्हणून नव्हे.

जपून राहा. माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे नकाशात दाखवता येत नाही एवढंच.

तुझी,
मावशी

२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामगारांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की अर्धा तास काम बंद पडलं, त्याची जबाबदारी तुझ्यावर.

खांब गेला. आता सांगते कसा. पहिला गवंडी आला तो सत्तरीचा, कानाला पेन्सिल. खांबाला हात लावून बघितला, मग कान लावून बघितला, जसं काही आतून तो बोलणार होता. म्हणाला की हा मी काढणार नाही आणि तुम्हीही काढू नका. थैली उचलून चालू लागला. मग माझ्या वर्गमैत्रिणीला बोलावलं, ती इमारतींच्या मजबुतीचा हिशेब करते. तिने छपराकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि म्हणाली की खांब काढता येईल, पण खालच्या सगळ्या मजल्यांच्या भिंती उघडून बघायला हव्यात, सहा आठवडे थांब. सहा आठवडे! तेवढ्यात मासिक छापून रद्दीत जाईल.

शेवटी एक कंत्राटदार सापडला. गॉगल घालतो, घरातसुद्धा. त्याने सहा आठवड्यांचं काम दोन दिवसांत केलं. छपराखाली आडवी पोलादी तुळई घातली, दोन बाजूंच्या भिंतींवर टेकवली, आणि खांब कापून काढला. मावशी, तू ही जागा बघायला हवीस. दारातून आत पाऊल टाकलं की नजर थेट समोरच्या खिडकीपर्यंत जाते, कुठेही अडत नाही. मी नुसती उभी राहिले दहा मिनिटं. तुमच्या खात्यात एक खिडकी हलवायला तीन सह्या लागायच्या, म्हणून तुम्हा लोकांना प्रत्येक खांब पवित्र वाटतो.

खालच्या मजल्यावर एक शिंपी आणि त्याची बायको राहतात. शिंपी दोनदा वर येऊन गेला, आवाज होतो म्हणून. चेहरा असा की माप चुकलेली बाही. त्याला सांगितलं की आता आवाज संपला.

तुझी माया अशीच राहू दे, आणि माझ्या कामगारांसाठी आणखी एक पत्र लिही.

तुझी,
खारू

१ मार्च

चि. खारू,
अ. आ.

हसलात, बरं झालं. माझा एकच प्रश्न आहे, त्याचं उत्तर कामगारांना न विचारता तू स्वतः दे.

छपराचा जो भार त्या खांबावर होता तो आता तुळईच्या दोन टोकांवर आला. ती टोकं ज्या दोन भिंतींवर टेकली, त्या खाली शिंप्याच्या घरात किती जाडीच्या आहेत? तू तिथे जाऊन माप घेतलंस का? की गॉगलवाल्याने गॉगलमधून घेतलं?

सह्यांची थट्टा कर. तीन सह्या लागत, कारण तिघांपैकी एकजण तरी घाबरट असायचा.

बाकी सर्व ठीक. उत्तर आलं की मगच लोभ.

मावशी

२८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मी ते शोधायलाही गेले नाही.

शिंपी बारा तारखेला वर आला. म्हणाला की आमच्या भिंतीला चीर पडलीय. मी त्याला जुन्या इमारती, प्लास्टर, हवेतला ओलावा यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. तो मान हलवत ऐकत राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याला यातलं काय कळणार. सोळा तारखेला परत आला. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू, मुलाला सांगावं तसं. काल तिसऱ्यांदा आला. हातात कापड बेतायचा पातळ कागद होता. भिंतीवर धरून त्याने चीर जशीच्या तशी त्यावर उतरवून घेतली होती, आणि रोज ती जिथवर पोचली तिथे खडूने खूण आणि तारीख. बारा मार्चपासून सोळा खुणा. पहिल्या काही खुणा बोटबोटभर अंतरावर होत्या. शेवटच्या तीन वीतवीतभर.

मी खाली गेले. तुळईचं डावं टोक ज्या भिंतीवर आहे, ती त्यांच्या घरात अर्ध्या विटेची आहे. कधीतरी कुणीतरी कपाटासाठी ती कोरून काढलेली. चीर छतापासून निघून दाराच्या चौकटीपर्यंत आलीय, दार लागत नाही. शिंपीणबाई मला म्हणाली की रात्री आम्ही पलंग दुसऱ्या कोपऱ्यात सरकवतो. एवढंच. तिने मला दोष दिला नाही. तिला माहीतच नाही की दोष कुणाचा आहे.

मावशी, मला बघताक्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, बघते.

गॉगलवाल्याला बोलावलं. तो म्हणतो की चीर आधीचीच होती असं लिहून टाकू, वरून प्लास्टर मारू, मे महिना निघून जाईल. ते ऐकून मला त्याची किळस आली. मग लक्षात आलं की मी त्याला हाकलून दिलेलं नाही. तो अजून माझ्या स्टुलावर बसून चहा पीत होता.

आज लोभाची गोष्ट काढायचं तोंड नाही.

खारू

३१ मार्च

खारू,

भिंतीचं नंतर बोल. आधी त्या दोघांना त्या घरातून बाहेर काढ. आज. हे पत्र वाचून होताच. तू शिकलेली आहेस, तुझ्याकडे शब्द आहेत, आणि त्या शब्दांनी तू त्या माणसाला दोनदा जिन्यावरून परत पाठवलंस, याची मला लाज वाटते. त्याने खडूने जे केलं ते तू पदवीने केलं नाहीस.

तुझ्या त्या मैत्रिणीला बोलाव आणि ती सांगेल ते कर. गॉगलवाल्याचा चहा बंद कर. आणि तुळई तू सांगितल्यावरून बसली, हे कागदावर लिहून खाली सही कर. लगेच कर. एकदा उद्यावर टाकलंस की मग ते वर्षांवर जातं. हे मी उगाच म्हणत नाही.

मावशी

३ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा शिंपी आणि शिंपीणबाई माझ्याकडे राहायला येऊन पाच-सहा दिवस झाले होते. हे मिरवायला सांगत नाही. तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना जिन्यात त्यांचं उघडं दार दिसलं, तिथेच मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. शिंप्याने सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारलं की मग बारा तारखेला का नाही सांगितलंत. तो म्हणाला की मला वाटत होतं मीच अडाणी.

मैत्रीण त्याच संध्याकाळी आली. तिने आधी माझ्या घरात, बरोबर मधोमध, लोखंडी टेकू उभा केला, म्हणजे भार पुन्हा जुन्या वाटेने खाली जाईल. माझी नजर आता खिडकीपर्यंत जात नाही, टेकूवर आपटते. मग खालच्या खोलीत टेकूंचं रान उभं राहिलं. भिंत उतरवून पूर्ण जाडीची बांधून होईपर्यंत ते दोघं वर. बाहेर भाड्याने खोली बघून देते म्हटलं, तर शिंपी म्हणाला की गिऱ्हाइकं याच जिन्यावर येतात, दुसरीकडे कोण शोधत येईल?

मला वाटायचं तिरकस बोलणं फक्त आपल्या घराण्याला येतं. शिंपीणबाई तुझी गुरू शोभेल. पहिल्या दिवशी तिने घरभर फिरून, म्हणजे सहा पावलं टाकून, विचारलं की बाई, खुंटी कुठाय. म्हटलं, नाही. ती म्हणाली की एवढं शिकलात आणि खुंटी नाही? न्हाणीघराच्या काचेवर तिने अस्तराच्या कापडाचा पडदा शिवून लावला. मचाणावर चढायला ती तयार नाही, म्हणते की मी कोंबडी नाही. त्यामुळे मचाणावर मी, आणि खाली ते दोघं, मधे शिलाई मशीन. माझ्या पांढऱ्या भिंतीवर आता अकरा खिळे आहेत. तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला तेव्हा या घरात आजारी माणसाला खाली झोपायला जागाच नाही, हे मी वरून, शिडीकडे बघत, शिकले. तू जानेवारीतच लिहिलं होतंस. कबूल.

इमारतीच्या मंडळाला पत्र दिलं. खांब मी काढायला लावला, एकाने नको आणि दुसरीने थांब म्हटलं असताना, आणि खालची भिंत न तपासता. खाली सही. गॉगलवाल्याने ते वाचलं आणि पहिल्यांदा गॉगल काढला, म्हणाला की असं कोणी लिहितं का. थोरल्या भागीदाराने तर मला समोर बसवून समजावलं की आपल्या धंद्यात इमारती जुन्या असतात, माणसं चुकत नाहीत. हातातली दोन कामं काढून घेतली. पाटीवर माझं नाव यायचं होतं ते आता येणार नाही. येऊ नये त्या पाटीवर, असं पहिल्यांदाच वाटलं.

आणि संपादक आले बरं का. त्यांना नको म्हणून कळवलं होतं, तरी आले. टेकूभोवती फिरले, मशीनकडे बघितलं, आणि म्हणाले की हे सगळं एक दिवस जिन्यात ठेवता येईल का. सगळं म्हणजे शिंपीणबाईसकट. मी त्यांना जिना दाखवला. तेवढीच गोष्ट या घरात अजून सरळ आहे.

आता एक विचारते. तुझं ते चार ओळींचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं अक्षर छापल्यासारखं असतं, त्यात या वेळी दोन ठिकाणी खाडाखोड होती. वर्षांवर जातं म्हणालीस, ते काय?

तुझी माया होती म्हणून उभी आहे, पुढेही असू दे.

तुझी,
खारू

२ जून

चि. खारू हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला महिना घेतला, कारण आधी एक काम करायचं होतं. आता सगळं सांगते, मधे टोमणा येणार नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या पुढे आलेल्या सज्जाचा नकाशा माझ्याकडे होता. सळ्या चार-चार इंचांवर होत्या. साहेब म्हणाले की अंतर सात कर, लोखंड वाचेल. मी विचारलं की पुरतील का. ते म्हणाले की तू आरेखक आहेस, इंजिनिअर नाहीस. मी सात केलं. तीन वर्षांनी एका रविवारी सज्जा कोसळला. शाळा बंद होती, म्हणून आज मी हे लिहू शकतेय. चौकशी लागली, त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला तो नकाशा नव्याने काढायला लावला, चारचा. जुना फाडून टाक म्हणाले. मी फाडला नाही आणि दाखवलाही नाही. ज्या गवंड्याने सज्जा बांधला होता तो चौकशीत ओरडून सांगत होता की मला कागदावर सात दिले होते. त्याच्यापुढे चारचा कागद ठेवला. सळ्या खाल्ल्या असा शेरा मारून त्याला काढला. त्यानंतर त्याला गावात कुणी बांधकामावर घेतलं नाही. एवढ्या वर्षांत तो मला तीनदा रस्त्यात दिसला. तिन्ही वेळा मी पलीकडच्या बाजूला गेले.

तू मंडळाला दिलेल्या पत्राचं वाचलं आणि ट्रंक उघडून तो सातचा कागद बाहेर काढला. तू त्या दोघांना मला विचारून सांगितलं नाहीस, आपण होऊन सांगितलंस, ते माझ्या मनाला फार लागलं. मी तुला रागावत होते तेव्हा खरं तर कुणाला रागावत होते, ते तुला आता कळलं असेल.

त्या गवंड्याचं घर शोधायला दोन दिवस लागले. लेकीकडे राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मला बघून त्याने बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि सातचा कागद पुढे केला. त्याने तो बघितलाही नाही. म्हणाला की मला माहीत होतं, बाई. दोन्ही कागद तुमच्या हातचे होते. खात्यात असे आकडे दुसऱ्या कुणाचे नव्हते, तुमच्या आकड्यांवरून तर मी नकाशे वाचायला शिकलो. मग म्हणाला की चौकशीच्या रात्री मी बायकोला सांगितलं होतं, उद्या ती बाई खरं सांगेल, सरळ बाई आहे. आठ-दहा दिवस आम्ही वाट बघितली. मग सोडून दिलं. बायको मात्र मरेपर्यंत विचारायची, ती बाई आली होती का.

खारू, त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने जिना उतरले असते. मला त्याने माफ केलेलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. मी एवढंच म्हटलं की खात्याला अर्ज करते, सगळं लिहून. तो हसला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. म्हणाला की आता कोण वाचणार, साहेब गेले, मी ऐंशीचा. मी म्हटलं की वाचो न वाचो. मग लेकीला हाक मारून त्याने मला खुर्ची द्यायला सांगितली.

अर्ज उद्या सकाळी लिहायचा आहे, त्याच्या घरी. त्याने अटी घातल्यात. सांगणार तो, लिहिणार मी, खाली सही माझी. आणि म्हणाला की या खेपेला आकडा बदलायचा नाही.

जाऊन येते. तू आहेस तशीच माझी राहा.

तुझी,
मावशी